रॉक बँडसमोर उभं राहायचं तर : नव्या मुख्य गायकासाठी कामाचा क्रम

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८च्या सुमारास काही मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता. त्यात झांझिबारहून शिकायला आलेला फारोख बलसारा नावाचा पारशी मुलगा होता. मुख्य गायक मात्र दुसराच. फारोख पियानो वाजवायचा. पुढे १९६४मध्ये त्याचं कुटुंब इंग्लंडला गेलं, त्याने ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकून घेतलं, आयबेक्स आणि सावर मिल्क सी अशा विस्मरणात गेलेल्या बँडांमधून तो गायला, ड्रमर रॉजर टेलरसोबत केन्सिंग्टन मार्केटमध्ये कपड्यांचा गाळा चालवला, आणि १९७०मध्ये क्वीन हा रॉक बँड उभा राहिला. फ्रेडी मर्क्युरी हे नाव त्यानंतरचं. क्वीनचा पहिला अल्बम यायला १९७३ उजाडलं.

म्हणजे पाचगणीपासून पहिल्या अल्बमपर्यंत सुमारे पंधरा वर्षं. एवढी वर्षं लागतीलच असं नाही, पण ‘मला गाता येतं’ आणि ‘मी बँडचा मुख्य गायक आहे’ या दोन वाक्यांमध्ये बरंच काम पडलेलं असतं. हा लेख त्या कामाबद्दल आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. गिटारची तार तुटली तर नवी लावता येते, ड्रमचं कातडं बदलता येतं. गळा एकच असतो. तो कुठे खर्च करायचा आणि कुठे राखायचा, यावर बाकी सगळे निर्णय अवलंबून असतात. गाण्याची पट्टी कोणती घ्यायची यापासून ते करारावर सही करायची की नाही इथपर्यंत.

पहिलं काम : आपलं छत शोधा

शास्त्रीय किंवा सुगम शिकलेला मुलगा बँडमध्ये येतो तेव्हा पहिली गडबड इथेच होते. त्याला सवय असते ‘माझी काळी एक’ म्हणायची; पेटी, तबला, तानपुरा सगळे त्याच्या षड्जाकडे येतात. रॉकमध्ये उलटं चालतं. गिटारच्या मोकळ्या तारांमुळे गिटारवाल्याचा हात ई, ए, डी, जी या पट्ट्यांत रमतो, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. गाणं बहुतेकदा त्याच्या हाताला सोयीच्या पट्टीत जन्माला येतं, आणि ते तुमच्या गळ्याला सोसेल का हे कुणीच विचारत नाही.

तेव्हा षड्ज कोणता हे जरा बाजूला ठेवा. तुमचा सर्वांत वरचा भरवशाचा सूर कोणता, ते शोधा. ताज्या गळ्याने एकदा लागला तो नव्हे. तासभर गाऊन झाल्यावर, पूर्ण आवाजात, मान न ताणता, लागोपाठ तीन वेळा लागतो तो. पेटीवर किंवा फोनमधल्या ट्यूनरवर तो कोणता आहे ते पाहून वहीत लिहा. हे तुमचं छत. बँडच्या गाण्यातला सर्वांत वरचा सूर या छताच्या एक-दोन अर्धस्वर खालीच राहिला पाहिजे, कारण स्टेजवर घाई असते, श्वास तोकडा पडतो आणि घरी लागलेला सूर तिथे लागतोच असं नाही.

गाणं छताच्या वर जात असेल तर बँडला पट्टी बदलायला सांगा. लाजू नका. गन्स अँड रोझेससारखा बँडही गिटार अर्धा सूर उतरवून वाजवतो. तसं केलं की हात ई पट्टीचाच राहतो आणि ऐकू येते काळी दोन. पट्टी वर न्यायची असेल तर कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा, लावता येतो. गिटारवाला कुरकुर करेल, करू द्या. मुलींना तर हे सांगावंच लागतं. पुरुषाने गायलेलं गाणं त्याच पट्टीत घेतलं तर एकतर ते फार खाली बसतं, नाहीतर सप्तक बदलून फार वर जातं. बहुतेकदा चार-पाच सूर सरकवले की बरोबर जागा मिळते.

थोर मंडळीही हेच करतात. स्टुडिओत वर नेलेले सूर मर्क्युरी प्रत्यक्ष कार्यक्रमात पुष्कळदा खालून घ्यायचा आणि अगदी वरचे टेलरवर सोपवायचा. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तला ऑपेराचा भाग तर ते मंचावर गातच नसत, तो ध्वनिमुद्रित वाजायचा. लोकांचं काही बिघडलं नाही.

बँड मिळवणं

आधी बँड की आधी गाणी? आधी माणसं. तालमीला वेळेवर येणारा साधा ड्रमर हा कधीही न येणाऱ्या उस्ताद ड्रमरपेक्षा बरा. ऑडिशन द्यायला जाताना तीन गाणी तयार ठेवा: एक जोरकस, एक संथ, आणि एक ज्यात शब्द नीट कळतात असं. पहिल्या भेटीत तुमचं छत सांगून टाका. आणि विचारा: आठवड्यातून किती तालमी, खोलीचं भाडं कसं वाटणार, स्वतःची गाणी करायची आहेत का. तिसऱ्या प्रश्नावर जर बँडमधले लोक एकमेकांकडे बघायला लागले, तर समजा अजून काही ठरलेलं नाही.

पहिलाच बँड शेवटचा ठरत नाही. क्वीनलाही जॉन डीकन १९७१मध्ये मिळेपर्यंत बासवादक बदलत राहावे लागले.

गळ्याचं रोजचं काम

इथे जास्त वेळ थांबतो, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते.

मधल्या सप्तकातली पांढरी सहा तुम्ही गाता तेव्हा स्वरतंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. दीड तासाच्या कार्यक्रमात हे किती वेळा होत असेल ते तुम्हीच मोजा. ताण देऊन, घसा आवळून हेच होत राहिलं की तंतूंच्या कडेवर गाठी येतात. मर्क्युरीला त्या होत्या, आणि १९७५च्या अमेरिका दौऱ्यात घशामुळे क्वीनला कार्यक्रम रद्द करावे लागले होते. सुरुवातीच्या गाठी बऱ्याचदा विश्रांती आणि आवाजाच्या उपचारांनी जातात. दुर्लक्ष केलं तर गोष्ट लांबते.

रोजची तयारी साधी ठेवा. अर्धा पेला पाण्यात स्ट्रॉ बुडवून हलक्या आवाजात गुणगुणत बुडबुडे काढा, खालून वर आणि वरून खाली सरकत, पाचेक मिनिटं. मग ओठांची फुरफुर, मग मधल्या सप्तकात आ-कार. वरचे सूर शेवटी. खर्जाचा रियाज करत असाल तर सोडू नका, तो रॉकलाही उपयोगी पडतो. कार्यक्रम संपल्यावरही दोन-तीन मिनिटं तीच स्ट्रॉ घ्या. हा भाग जवळजवळ सगळे गाळतात.

पाणी दिवसभर प्या. स्टेजवर प्यायलेला घोट स्वरतंतूंना लागत नाही, तो अन्ननलिकेत जातो. ओलावा शरीरातूनच पोचतो आणि त्याला वेळ लागतो. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून गाऊ नका, कारण दुखणं ही सूचना असते आणि ती तुम्ही बंद करता. कार्यक्रमाच्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन तर नकोच; तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि ताणलेल्या स्वरतंतूला तो परवडत नाही.

रात्री साडेअकराला कार्यक्रम उरकून स्टेशनबाहेर बुर्जी-पाव हाणायचा आणि तासाभरात आडवं व्हायचं, ही बँडवाल्यांची जुनी रीत. पोटातलं आम्ल रात्री वर येतं आणि सकाळी आवाज घोगरा असतो. दोष मात्र आदल्या रात्रीच्या गाण्याला जातो. त्याहून मोठा चोर म्हणजे कार्यक्रमानंतरच्या गप्पा. दुसरा बँड वाजतोय आणि तुम्ही त्यावर ओरडून मित्रांशी बोलताय, यात गाण्यापेक्षा जास्त आवाज खर्च होतो. बाहेर जाऊन बोला. आणि कुजबुजणं ही विश्रांती नव्हे. गप्प बसणं ही विश्रांती.

ग्रोल, स्क्रीम असलं गुरगुरत, किंचाळत गायचं असेल तर व्हिडिओ बघून शिकू नका. ते बरंचसं स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांमधून काढायचं असतं, आणि तुम्ही ते नक्की कुठून काढताय हे ऐकून सांगणारा शिक्षक समोर लागतो. दुखलं की चूक, एवढा एक नियम पुरे. तुमच्या शास्त्रीय गुरुजींना मात्र हे ऐकवायला घेऊन जाऊ नका, उगाच संबंध बिघडतील.

घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि दुर्बिणीने स्वरतंतू बघायला सांगा. काढा, ज्येष्ठमध चालू ठेवा हवं तर, पण तपासणी टाळू नका. एरोस्मिथच्या स्टीव्हन टायलरला सप्टेंबर २०२३मध्ये कार्यक्रमात घशाला इजा झाली, निरोपाचा दौरा थांबला, आणि ऑगस्ट २०२४मध्ये बँडने दौरे कायमचे बंद केल्याचं जाहीर केलं.

तालमीची खोली आणि माइक

पुण्या-मुंबईत तासाच्या भाड्याने जॅमरूम मिळतात. खोली लहान, ड्रम जवळ, आणि गिटारच्या ॲम्पचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या पेटीचा, आवाज गायकाच्या कानाऐवजी गुडघ्याला लागतोय. अशा वेळी माणूस नकळत ओरडतो. गोंगाटात आवाज चढवणं हे आपोआप होतं, ते इच्छाशक्तीने थांबत नाही. म्हणून खोलीच बदला. ॲम्प स्टुलावर ठेवून तोंड वाजवणाऱ्याच्या कानाकडे करा, म्हणजे तो स्वतःच आवाज कमी करतो. तुमच्यासाठीचा स्पीकर, म्हणजे मॉनिटर, माइकच्या पाठीमागच्या दिशेला, तुमच्या समोर ठेवा. तिथून माइक सर्वांत कमी आवाज ओढतो, त्यामुळे स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी न वाजता तुम्हाला स्वतःला ऐकता येतं. आठवड्यातली एक तालीम ॲम्पशिवाय, बसून, फक्त शब्द आणि सूर यांसाठी करा.

कानात संगीतकारांसाठीचे इअरप्लग घाला. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची सर्वमान्य मर्यादा. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. जॅमरूममध्ये १०० सहज गाठलं जातं. एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६मध्ये ऐकण्याच्या त्रासामुळे दौरा सोडावा लागला होता.

माइक स्वतःचा घ्या. शूअर एसएम ५८ हा १९६६पासूनचा साधा, दणकट माइक, जगभरच्या मंचांवर तोच सापडतो. बाजारात त्याची नकली प्रतही भरपूर मिळते, तेव्हा बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. स्वतःचा असला की दुसऱ्यांची थुंकी तोंडाजवळ येत नाही आणि त्याची सवय होते. जाळीचा गोळा मुठीत धरू नका. दिसायला झकास दिसतं, पण त्याने माइकची दिशा ओळखण्याची क्षमता जाते, आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो आणि शिट्टी सुरू होते. हळू गाताना ओठांजवळ, जोरात गाताना चार-पाच बोटं लांब. आणि गाताना कधीही समोरच्या मोठ्या स्पीकरच्या पुढे जाऊ नका.

गाणी : दुसऱ्यांची आणि आपली

सुरुवातीला कव्हर, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांना पर्याय नाही, त्यावर हात बसतो. पण तिथे अडकून राहू नका. मुंबईचा रॉक मशीन हा बँड १९८४मध्ये उभा राहिला, तेव्हा आपल्याकडच्या मंचांवर विलायती गाणी हुबेहूब वाजवणं हेच कौशल्य मानलं जायचं. १९८८मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. १९९३मध्ये नाव बदलून ते इंडस क्रीड झाले, १९९७मध्ये थांबले आणि २०१०मध्ये परत आले. त्यांचा गायक उदय बेनेगल आज ओळखला जातो तो स्वतःच्या गाण्यांमुळे.

मराठीत लिहिणार असाल तर एक गोष्ट आधी तपासा: सर्वांत वरच्या सुरावर कोणता स्वर येतो. आ आणि ओ वर नेता येतात. ई वर नेताना घसा आवळतो. ‘झालं’, ‘गेलं’, ‘राहिलं’ असल्या शेपटीच्या अनुस्वारावर सूर लांबवायला गेलात तर तो नाकात शिरतो. तो शब्द ओळीच्या मध्ये ढकला किंवा वेगळा शोधा. कवितेसाठी कागदावर शोभणारी ओळ माइकवर शोभेलच असं नाही, त्यामुळे गीतकार दुसरा असेल तर त्याच्याशी भांडायची तयारी ठेवा.

पहिले कार्यक्रम

कॉलेजचे महोत्सव अजूनही सर्वांत चांगली शाळा. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोतली लाइव्हवायर स्पर्धा बँडवाल्यांना माहीत असतेच. १९८६मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक आणि २०१०पासूनचा पुण्याचा एनएच७ वीकेंडर यांसारख्या मंचांपर्यंत पोचणारे बँड आधी कॅफे, पब आणि कॉलेजांच्या अंगणांतच घासले गेलेले असतात.

वेळ घड्याळावर बसवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सरकार वर्षातले मोजके दिवसच बारापर्यंत सूट देऊ शकतं. आधीचे बँड रेंगाळतात, भाषणं लांबतात, आणि चाळीस मिनिटांची तुमची वेळ वीस होते. धोबी तलावच्या रंगभवनात एकेकाळी रॉकची जत्रा भरायची, शांतता क्षेत्राच्या नियमांनी तीही बंद पडली. म्हणून दोन याद्या तयार ठेवा, एक पूर्ण आणि एक वीस मिनिटांची. १३ जुलै १९८५ला वेम्ब्लीत लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमाच्या मंचावर क्वीनला साधारण तेवढाच वेळ होता. त्यांनी आधी घड्याळ लावून तालीम केली आणि गाणी कापून बसवली.

यादी लावताना गळ्याचा विचार करा. सर्वांत वरचं गाणं पहिलं नको, तेव्हा गळा थंड असतो, शेवटचंही नको. तिसरं-चौथं ठीक. दोन जोरकस गाण्यांनंतर लांब गिटार सोलो असलेलं गाणं टाका आणि त्या वेळात पाणी प्या, नाचत बसू नका. साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासताना, पूर्ण ताकदीने एकच कडवं गा, आणि मॉनिटरमध्ये काय हवं ते नेमकं सांगा: ‘माझा आवाज वाढवा, गिटार कमी’. ‘जरा छान करा’ यावर कोणताही साउंडवाला काही करू शकत नाही. त्याचं नाव विचारून घ्या, त्या संध्याकाळी तो बँडचा पाचवा सदस्य असतो.

दोन गाण्यांच्या मध्ये काय बोलायचं तेही ठरवून ठेवा. ‘कसे आहात पुणेकर’ एकदाच पुरे.

कपडे, केस, रील, पोस्टर यांवर बाकीचे भरपूर सल्ले देतात, मी देत नाही.

कागद

एका ध्वनिमुद्रित गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. त्याशिवाय गायक म्हणून तुमचा सादरकर्त्याचा हक्क, जो ५० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. नव्या गायकांना न कळणारी गोष्ट ही की गाणं गाजलं तरी ते तुम्ही लिहिलं वा रचलं नसेल, तर गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेकडून तुम्हाला काही मिळत नाही. गायकांसाठी वेगळी संस्था आहे, आधीची इस्रा, आताची इसाम्रा. जे लागू असेल त्यात नाव नोंदवा.

वाटणी पहिलं गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी लिहून काढा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के. चौघांच्या सह्या, तारीख, बस. क्वीनमध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचं एक गाणं होतं, तबकडी विकली गेली तसे त्या मागच्या गाण्याच्या लेखकालाही पैसे मिळाले, आणि त्यावरून कुरबुरी झाल्या. १९८९च्या अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी चौघांच्या सामाईक नावावर टाकली. तुम्हाला हे पहिल्या दिवशीही करता येतं.

लेबलचा, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचा, कागद आला तर दोन ओळी शोधा: किती वर्षं आणि कोणत्या प्रदेशासाठी. भारतीय कायद्यात हक्क द्यायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच छापील करारात ‘कायमचे’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द आवर्जून असतात. ते खोडून मागता येतात. मिळतीलच असं नाही, पण विचारल्याने करार मोडत नाही. वकिलाची एका बैठकीची फी या ठिकाणी वाचवू नका.

पैसा

सुरुवातीची काही वर्षं बँडच्या पैशांतून जॅमरूम आणि टेम्पोचं भाडं निघालं तरी पुष्कळ. नोकरी ठेवा, शक्यतो दिवसभर फोनवर बोलायची नसलेली. कॉल सेंटरची पाळी आणि गायकी एका गळ्यात बसत नाहीत. संगीताच्या जवळपासचं काम मिळालं तर उत्तम. विशाल ददलानी १९९४पासून पेंटाग्राम या बँडचा गायक, आणि चित्रपटांचा संगीतकार म्हणून कामही चालूच.

कार्यक्रम ठरला की निम्मी रक्कम आगाऊ घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना लेखी घ्या, आणि त्यात वेळ, जेवण, प्रवास, मॉनिटर किती हे सगळं येऊ द्या. कंपन्या पैसे देताना सहसा १० टक्के टीडीएस कापतात. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, आणि कितीतरी पोरं हा परतावा घ्यायचं विसरतात. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी. तोवर बँडच्या नावाने एक साधी वही आणि एक बँक खातं पुरतं.

उरलं बँडचं नाव. ते कुणाचं, हे आत्ताच लिहा. मनोरंजन सेवांच्या ४१व्या वर्गात ट्रेडमार्कचा अर्ज करता येतो, तो एकाच्या नावाने न करता सगळ्यांच्या नावाने करा. आणि त्याच कागदावर आणखी एक ओळ घाला: मुख्य गायक बँड सोडून गेला तर नाव कुणाकडे राहणार, जुनी गाणी नवा गायक गाऊ शकणार का, आणि आधीच्या ध्वनिमुद्रणांतला त्याचा वाटा चालू राहणार का. आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन १९९३मध्ये बँड सोडून गेला आणि १९९९मध्ये परत आला. मधल्या काळात बँड त्याच नावाने दुसऱ्या गायकासोबत चालू होता. ही ओळ लिहिताना सगळे थोडे अवघडतील. चहा मागवा आणि लिहून काढा, कारण एकदा कुणी जायचं ठरवलं की त्या कागदावर सही करायला कुणी बसत नाही.